जखमी हरणाचा माग

शाळेच्या वार्तापत्रात शिकारीच्या कुत्र्यांवर लेख कशाला, असा प्रश्न काही पालकांना नक्की पडेल. आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही आणि शिकारीबद्दल माझे मत काय आहे हे माझ्या वर्गात बसलेल्या सगळ्या मुलांना ठाऊक आहे. तरीही या अंकासाठी मुद्दाम हाच विषय घेतला आहे. ज्या कुत्र्यांबद्दल मी लिहिणार आहे, त्यांचे काम हरणाला मारण्याचे नाही. माणसाच्या हातून जखमी होऊन जंगलात नाहीसे झालेले हरीण शोधून काढायचे, एवढेच त्यांचे काम. हे काम पाहिल्यापासून माझ्या मनात जे विचार घोळत आहेत, ते आपल्यापुढे मांडावेसे वाटले.

माझे घर मराठी, पण शिक्षण पहिलीपासून बी.एस्सी.पर्यंत सगळे हिंदी माध्यमात झाले. त्यामुळे विज्ञानातला शब्द मनात आधी हिंदीत येतो आणि मग मराठीत उतरतो. या लेखात तर जर्मन शब्दही आहेत. शक्य तितके सोपे करून सांगते.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. सिनेमात गोळी लागली की हरीण जागच्या जागी पडते. प्रत्यक्षात पुष्कळदा तसे होत नाही. हृदयाला किंवा फुप्फुसाला गोळी लागली तरी हरीण शंभर मीटर सहज पळून जाते. गोळी पोटात किंवा पायाला लागली, तर ते मैलभरही जाऊ शकते. रक्ताचे चार थेंब दिसतात, पुढे दोन पानांवर डाग दिसतो आणि मग काहीच दिसत नाही. अंधार पडलेला असतो, झुडपे दाट असतात. माणूस थोडे फार शोधतो आणि घरी जातो. हरीण मात्र कुठेतरी आडोशाला बसून राहते, कधी तासभर, कधी रात्रभर, तर कधी दोन-दोन दिवस. त्याच्या वाट्याला जे येते ते कोणी पाहत नाही. शिकारीला माझा विरोध आहे तो बराचसा याच गोष्टीमुळे.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे महिनाभर मुलाकडे जर्मनीला गेलो होतो. तो म्युनिकच्या दक्षिणेला, डोंगराच्या बाजूच्या एका गावात राहत होता. त्याच्या घरमालकांकडे शिकारीचा परवाना होता. तिथे हा परवाना सहजासहजी मिळत नाही. त्यासाठी लेखी, तोंडी आणि नेमबाजीची अशी परीक्षा द्यावी लागते. प्राणी, झाडे, रोग, कायदा, सगळे त्या अभ्यासात येते. एका संध्याकाळी हे आजोबा उतरलेल्या चेहऱ्याने घरी आले. मुलाने विचारले तेव्हा समजले की त्यांनी एका लहान हरणावर गोळी झाडली होती. जर्मन भाषेत या हरणाला 'रे' म्हणतात. ते आपल्या शेळीएवढे असते. गोळी लागली होती, पण हरीण झाडीत गेले आणि दिसेनासे झाले.

मला वाटले, आता हे विजेरी घेऊन शोधायला धावतील. ते धावले नाहीत. जिथे हरीण उभे होते त्या जागेवर एक फांदी मोडून त्यांनी खूण केली होती आणि ते मागे फिरले होते. घरी येऊन त्यांनी पलीकडच्या गावातल्या एका निवृत्त पोस्टमनना फोन केला. सकाळी उजाडल्यावर निघायचे ठरले. मुलाने विचारले म्हणून आम्हालाही थोडे अंतर ठेवून मागे चालण्याची परवानगी मिळाली.

रात्रभर का थांबायचे, हा प्रश्न मला छळत होता. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. जखमी हरणाच्या मागे लगेच धावले की ते भीतीने उरलेसुरले बळ एकवटून पळते आणि इतके लांब जाते की मग कुत्र्यालाही सापडणे कठीण होते. त्याला एकटे सोडले, तर ते जवळच कुठेतरी बसते. जखम कुठे आहे त्यावर किती थांबायचे ते ठरते. गोळीच्या जागेवर जे सापडते त्यावरून अनुभवी माणूस अंदाज बांधतो. फिकट आणि फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, गडद तांबडे म्हणजे यकृत, त्यात चाऱ्याचे हिरवट कण असतील तर पोट. पोटाच्या जखमेला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. वाचायला हे कठोर वाटेल, मलाही ऐकताना वाटले. पण त्या माणसांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. आपल्या हातून झालेले पूर्ण करायचे आहे, ते घाईने बिघडू नये, एवढीच काळजी होती.

सकाळी पोस्टमन काका आले ते आपल्या कुत्रीला घेऊन. तांबूस रंग, तोंड काळसर, कान लोंबणारे, उंची बेताची. जातीचे नाव लांबलचक, बव्हेरियन गेबिर्ग्सश्वाइसहुंड. भाषेची आवड असणाऱ्यांसाठी सांगते. 'गेबिर्ग' म्हणजे डोंगररांग आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. 'श्वाइस' या शब्दाचा रोजच्या जर्मनमध्ये अर्थ आहे घाम, पण शिकाऱ्यांच्या बोलीत तोच शब्द जनावराच्या रक्तासाठी वापरतात. या जातीच्या पालकांचा क्लब १९१२ मध्ये म्युनिकला स्थापन झाला. तिची थोरली बहीण म्हणावी अशी हॅनोव्हरची जात आहे, तिची संस्था तर १८९४ पासूनची. या जातींची पिल्ले हौसेखातर पाळायला देत नाहीत. जो माणूस खरोखर शोधाचे काम करणार असेल, त्यालाच मिळतात.

काकांनी कुत्रीला थोड्या अंतरावर बसवले आणि आधी स्वतः गुडघ्यावर बसून ती जागा तपासली. केसांचा एक पुंजका, दोन गडद थेंब. मग तिच्या गळ्यात रुंद पट्टा अडकवला. त्याला दहा-एक मीटर लांबीची चामड्याची दोरी. काका हळू आवाजात काहीतरी बोलले आणि तिने नाक जमिनीला लावले.

पुढचा तास-दीड तास मी जे पाहिले, त्यात धावपळ अजिबात नव्हती. कुत्री चालत होती, पळत नव्हती. भुंकण्याचा आवाज नाही. दोरी ताणलेली. कधी ती थांबायची, मागे यायची, अर्धे वर्तुळ घ्यायची आणि पुन्हा पुढे. रक्ताचा डाग दिसला की काका तिथे कागदाचा तुकडा ठेवत, म्हणजे माग चुकला तर शेवटच्या खात्रीच्या जागेवर परत येता येते. एका ठिकाणी तर आमच्यासमोरून दोन धडधाकट हरणे उड्या मारत गेली. कुत्रीने मान वर केली, पाहिले, आणि पुन्हा नाक खाली घातले. त्या क्षणी काकांनी तिला शाबासकी दिली. नंतर त्यांनी समजावले की या कुत्र्याची खरी कसोटी हीच. ताजा, सोपा, मोहात पाडणारा वास सोडून द्यायचा आणि ज्या एका जनावराला इजा झाली आहे त्याचाच शिळा, पुसट माग धरून ठेवायचा.

प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने मला पुढचा प्रश्न पडला. रक्त तर कित्येक ठिकाणी नव्हतेच, मग तिला समजत कसे होते? हरणाच्या खुरांच्या फटीत एक ग्रंथी असते. प्रत्येक पावलागणिक तिचा वास जमिनीवर उतरतो. शिवाय खुराने दबलेले गवत, उकरलेली माती, अंगावरून गळालेले केस आणि त्वचेचे कण यांचाही वास असतो. हे सगळे मिळून त्या एका हरणाची ओळख तयार होते. माणसाच्या नाकात वासाच्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख मानल्या जातात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या पुढे. कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूला चीर असते. श्वास बाहेर सोडताना हवा त्या चिरांतून निघते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. दमट आणि थंड हवेत माग टिकतो, कोरड्या उन्हात लवकर उडतो. ऑक्टोबरमधली ती दवाने भिजलेली सकाळ कामाला फार चांगली होती.

हे सगळे उपजत असते असे मात्र नाही. पिल्लू चार-पाच महिन्यांचे झाले की थोड्या अंतराचा माग तयार करून त्याला शिकवायला लागतात. पुढे अंतर वाढते, माग शिळा होत जातो. जर्मनीतल्या एका मान्यताप्राप्त परीक्षेत किमान एक हजार मीटर लांबीचा माग असतो. त्यासाठी पाव लिटर रक्त वापरतात, तेवढ्यातच सगळे अंतर भागवायचे. तो माग वीस तास, आणि वरच्या परीक्षेत चाळीस तास, तसाच जंगलात राहू देतात. त्यानंतर कुत्रा आणि त्याचा हँडलर यांना सोडतात. मध्ये वळणे असतात, रानातली इतर जनावरे त्यावरून गेलेली असतात. आपल्या बोर्डाच्या परीक्षेपेक्षा हा पेपर सोपा नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे!

हरीण सापडले. एका नाल्याच्या पलीकडे, दाट स्प्रूसच्या झाडांखाली. ते आधीच गेले होते. घरमालक टोपी काढून उभे राहिले. त्यांनी हिरवी डहाळी तोडून हरणाच्या तोंडात ठेवली. या रिवाजाला तिकडे 'शेवटचा घास' म्हणतात. काकांनाही एक डहाळी दिली, काकांनी तिचा तुकडा मोडून कुत्रीच्या गळपट्ट्यात खोचला. कोणी मोठ्याने बोलले नाही. मला त्या हरणाचे फार वाईट वाटले, आणि आजही वाटते. पण ते कुठे गेले, त्याचे काय झाले, हे कोणीतरी शेवटपर्यंत पाहिले होते.

परतताना मी काकांना दुभाष्या मुलाकडून विचारले की नेहमी सापडतेच का? ते म्हणाले, नाही. कधी जखम वरवरची असते आणि हरीण बरे होऊन कळपात मिसळते. दिवसभर चालून ते कळले तरी त्यांच्या लेखी काम झाले. आणि एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली. शिकाऱ्याला वाटले की आपला नेम चुकला, हरणाला काहीच झाले नाही, तरीही चांगला शिकारी कुत्रा बोलावतो आणि खात्री करून घेतो. कारण गोळी झाडणाऱ्याला नेहमी असेच वाटत असते की काही झाले नाही.

हे वाक्य मी माझ्या डायरीत त्याच रात्री लिहून ठेवले.

घरी आल्यावर या विषयावर जेवढे मिळाले तेवढे वाचले. जर्मनीच्या शिकारीसंबंधी केंद्रीय कायद्यात जखमी जनावराला टाळता येण्याजोगे दुःख होऊ नये यासाठी स्वतंत्र कलम आहे. जखमी हरीण दुसऱ्याच्या हद्दीत गेले तर काय करायचे, हद्दीच्या भांडणात त्याचे हाल होऊ नयेत, याचाही विचार त्यात आहे. स्वीडनमध्ये खूर असलेल्या जनावराची शिकार करायची असेल, तर शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत त्या जागी आणता येईल अशी सोय आधी करावी लागते. नॉर्वेमध्येही तसाच नियम आहे. म्हणजे बंदूक उचलण्यापूर्वीच विचारायचे की चूक झाली तर निस्तरणार कोण.

अमेरिकेची कथा वेगळी आहे आणि ती मला विशेष आवडली, कारण तिच्यात एक शिक्षक आहेत. तिकडच्या उत्तरेकडील अनेक राज्यांत कुत्रे लावून हरणांची शिकार करायला मनाई होती. ते योग्यच होते. पण त्या मनाईत दोरीला बांधलेल्या कुत्र्याकडून जखमी हरीण शोधणेही बंद झाले. न्यूयॉर्क राज्यात राहणारे जॉन जेनेनी हे इतिहासाचे प्राध्यापक. त्यांनी १९७० च्या दशकात सरकारकडून अभ्यासासाठी खास परवानगी मिळवली. त्यांचा कुत्रा म्हणजे राठ केसांचा डॅक्सहुंड, तोच लांब अंगाचा आणि आखूड पायांचा, ज्याला आपण चित्रात पाहून हसतो. वर्षानुवर्षे नोंदी ठेवून त्यांनी दाखवून दिले की दोरीला बांधलेला कुत्रा इतर हरणांना त्रास देत नाही आणि जे हरीण माणसाला सापडले नसते ते शोधून देतो. १९७८ मध्ये 'डिअर सर्च' ही स्वयंसेवकांची संस्था सुरू झाली. पुढे त्या राज्यात कायदा बदलला, आणि आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत अशा कुत्र्यांना परवानगी आहे. प्राध्यापकांनी या कामावर एक जाडजूड पुस्तकही लिहिले. एका इतिहासाच्या मास्तरांनी नोंदवहीच्या जोरावर कायदा बदलायला लावला, हे मी दहावीच्या मुलांना दरवर्षी सांगते.

आता आपल्याकडे येऊ. शिंद्यांच्या फौजेबरोबर जी मराठी घराणी ग्वाल्हेरला आली, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी शिवपुरीच्या शिकारीच्या गोष्टी अजून सांगतात. शिवपुरी हे शिंदे संस्थानचे उन्हाळी राजधानीचे ठिकाण आणि त्यांचे शिकारीचे जंगल. त्याच जंगलाचे पुढे माधव राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जुन्या गोष्टींमध्ये किती वाघ मारले याचे आकडे असतात. जखमी होऊन निसटलेल्या जनावरांचे आकडे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. जिम कॉर्बेट मला वेगळे वाटतात ते यासाठी. जखमी जनावर सोडून घरी यायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' या त्यांच्या पुस्तकात रॉबिन नावाच्या कुत्र्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. जखमी बिबट्याच्या मागावर हा लहानसा स्पॅनियल त्यांच्याबरोबर होता. वाचनालयात हे पुस्तक आहे, मुलांनी जरूर वाचावे.

आपल्या देशी जातींपैकी मुधोळ किंवा कारवान कुत्रा शिकारीसाठी प्रसिद्ध आहे, पण तो नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखा धावणारा. नाक जमिनीला लावून तासन्‌तास चालणे हे निराळे काम. आणि आज आपल्याकडे त्या कामाचा हेतूही निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधन आले. म्हणून आपल्या जंगलात वास घेणारा कुत्रा कायद्याच्या बाजूने चालतो. तिथे तो जखमी हरणाचा माग काढतो, इथे जखम करणाऱ्याचा. २००८ पासून ट्रॅफिक आणि डब्ल्यू.डब्ल्यू.एफ.-इंडिया या संस्थांनी वनविभागांसाठी असे कुत्रे तयार करण्याचा उपक्रम चालवला. त्यांचे शिक्षण भोपाळला विशेष सशस्त्र दलाच्या तेविसाव्या बटालियनमध्ये झाले, तसेच आपल्या अगदी शेजारी टेकनपूरलाही. झाशी रस्त्याने जाताना सीमा सुरक्षा दलाची जी अकादमी लागते, तिथे कुत्र्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. २०२२ मध्ये कूनोला चित्ते आले, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी इलू नावाची जर्मन शेफर्ड कुत्री नेमण्यात आली. तिचे शिक्षण मात्र हरियाणात पंचकुला येथे झाले होते.

चोर पकडणारे कुत्रे आपल्याकडे आहेत, याचा मला अभिमान आहे. पण आपल्याकडे हरणे फक्त चोरांच्या फाशात जखमी होत नाहीत. आपण सगळे ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावरही होतात.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही शिवपुरीहून परत येत होतो. संध्याकाळची वेळ, धुके उतरायला लागले होते. आमच्या पुढच्या जीपला एक नीलगाय धडकली. ती पडली, उठली, मागचा एक पाय ओढत रस्त्याच्या कडेला गेली आणि सरसोंच्या शेतात शिरली. जीपवाला उतरला, त्याने गाडीचा बंपर पाहिला, हात फिरवला आणि गाडी सुरू करून निघून गेला. आम्ही थांबलो. जवळच्या चहाच्या टपरीवाल्याने वनविभागात फोन लावून दिला. तासाभराने एक वनरक्षक सायकलवरून आला बिचारा, हातात एक विजेरी. त्याने शेताच्या कडेकडेने जितके शक्य होते तितके पाहिले. धुक्यात हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. दोन दिवसांनी टपरीवाल्याचा फोन आला. नीलगाय पाऊण मैलावरच्या खड्ड्यात मेलेली सापडली होती, आणि शेतकऱ्याचे म्हणणे असे की आदल्या दुपारपर्यंत ती जिवंत होती.

नीलगाय पिकांची नासाडी करते आणि शेतकरी तिच्यावर चिडलेला असतो, हे मला माहीत आहे. मी त्या वादात पडत नाही. मला जीपवाल्याचा तो बंपरवर फिरवलेला हात आठवतो. स्वीडनमध्ये मोटारीची हरणाशी किंवा मूझशी धडक झाली, तर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. जनावर कुठल्या बाजूला गेले त्या जागेवर खूण करून ठेवायची. मग पोलीस त्या भागातल्या नेमलेल्या शिकाऱ्याला बोलावतात आणि तो आपला कुत्रा घेऊन, रात्र असो की बर्फ, जखमी जनावर शोधायला निघतो. आपल्या वनरक्षकाची तळमळ त्यांच्यापेक्षा कमी नव्हती. त्याच्याजवळ एक शिकवलेला कुत्रा असता, तर त्या जनावराचे दोन दिवसांचे हाल वाचले असते. टेकनपूर जवळ असूनही आपल्या महामार्गांवर हे होऊ शकत नाही, असे मला वाटत नाही. पालकांपैकी जे वनविभागात किंवा पोलीस खात्यात आहेत त्यांनी यावर विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

आता शाळेकडे वळते, कारण हे वार्तापत्र शाळेचे आहे. काही वर्षांपूर्वी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात, एका मुलाने कविता म्हटली. घरी आई बुंदेली बोलणारी, बाबा मराठी. त्याच्या उच्चारांत दोन्ही मिसळले होते. पुढच्या रांगेतली चार-पाच मुले हसली. त्याने कविता पूर्ण केली, जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. वर्गातल्या मुलांना विचारले तर म्हणाली, "काही झालं नाही बाई, थोडी चेष्टा केली होती." मला लगेच पोस्टमन काकांचे बोलणे आठवले.

त्याच्या वर्गशिक्षिका त्याच्या घरी गेल्या. तिथे कळले की तो डबऱ्याला मामाच्या दुकानात बसतो आणि शाळेचे नाव काढले की उठून जातो. बाई रविवारी डबऱ्याला गेल्या. शाळेचा विषय काढलाच नाही, चहा घेतला आणि परत आल्या. दुसऱ्या रविवारीही तसेच. तिसऱ्या खेपेला, होळीनंतर, त्या एकट्या गेल्या नाहीत. हसणाऱ्या मुलांपैकी दोघांना, त्यांच्या पालकांच्या परवानगीने, बरोबर नेले. तिथे काय बोलणे झाले ते मी कधी विचारले नाही. तो मुलगा परत आला आणि बारावीपर्यंत शिकला. (बाईंची तुलना कुत्र्याशी करते आहे असे कृपया कोणी समजू नये. त्यांना हा लेख आधी वाचून दाखवला आहे, त्या खूप हसल्या.)

जर्मनीत त्या सकाळी मला जे सर्वात महत्त्वाचे वाटले ते हेच होते. कुत्री माग काढत होती, काका दोरी धरून होते, पण ज्यांनी गोळी झाडली ते घरमालक घरी बसून राहिले नव्हते. शेवटच्या पावलापर्यंत ते मागे चालत होते आणि जे होते ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. शोधणारा कितीही हुशार असला, तरी ज्याच्यामुळे जखम झाली त्याने बरोबर चालायचे असते. बाईंनी त्या दोन मुलांना नेले ते याचसाठी, असे मला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून दोन अपेक्षा आहेत. रस्त्यावर एखादे जनावर गाडीला धडकून शेतात किंवा झाडीत गेलेले दिसले, तर त्याच्या मागे धावू नका. जखमी जनावर घाबरलेले असते, ते तुम्हालाही इजा करू शकते. ते कुठून आत गेले ती जागा नीट लक्षात ठेवा, तिथे दगड किंवा फांदी ठेवून खूण करा आणि मोठ्यांना सांगून वनविभागाला कळवा. दुसरी अपेक्षा वर्गातली आहे. शेजारच्या बाकावरचा मित्र तीन दिवस दिसला नाही, तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जा. आधी आपण त्याला काही बोललो होतो का, ते आठवा. आठवले तर वर्गशिक्षकांना बरोबर घेऊन जा, पण जा.

नव्या सत्रापासून हजेरीपटात आपण एक जादा रकाना आखला आहे. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या नावापुढे त्याच्या घरी कोण जाऊन आले आणि कधी, हे त्यात लिहायचे आहे. दर शनिवारी तो रकाना मी स्वतः पाहणार आहे. पालकांनीही अधूनमधून शाळेत येऊन तो पाहावा.